तीन दोऱ्या, एक खांब

त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं की कोपऱ्यावरचा दिवा नुसता पिवळट डाग होऊन लटकत होता. पाऊस नव्हता, पण सगळं ओलं होतं. भिंती, कठडे, दाराच्या कड्या, माणसांच्या भुवया. भाडेकाकू शिडीवर चढून गच्चीखालच्या पन्हळीत कोपरापर्यंत हात घालून कुजका पाला उपसत होत्या आणि खाली मीटरकाका शिडी धरून उभे होते. धरून म्हणजे टेकून. गुडघ्यांनी काकांना केव्हाच दगा दिला होता, त्यामुळं काका शिडीला सांभाळत होते की शिडी काकांना, हे सांगणं अवघड.

“पडलीस तर मी झेलणार नाही, आधीच सांगतो.”

“तुम्ही झेलायला येणार असाल तर मी पडतच नाही. दोघांच्या हाडांचा खर्च कोण करणार?”

“या कामाला माणसं मिळतात.”

“मिळतात. येतात, वर बघतात, मान हलवतात आणि पैसे घेऊन जातात. मान मलाही हलवता येते.”

पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरायचं, भिंतीत मुरलं की वरच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या खोलीत ओल उतरायची, आणि ओल दिसली की शिंपी भाडं कमी करा म्हणायचा. ही साखळी काकूंना पाठ होती. पण ते काम काही त्याच दिवशी करायला हवं होतं असं नाही. महिन्याचा पहिला दिवस होता, भाडं मागायला जायचं होतं, आणि जावंसं वाटत नव्हतं. नको असलेल्या कामापासून पळायला काकू दुसरं काम शोधत. स्वस्थ बसून पळणं त्यांना जमत नसे.

काकूंचा जन्म इस्पितळाच्या धुलाईखात्यात गेला. रक्ताच्या चादरी, औषधाचे डाग, सोड्यानं फाटलेली बोटं. आधी हातानं, मग यंत्रावर, मग यंत्र चालवणाऱ्या बायकांवर देखरेख. निवृत्त झाल्यावर हातात आलेली रक्कम त्यांनी विटांत घातली. राहत्या घरावर मजला चढवून दोन खोल्या काढल्या. एक शिंप्याला दिली, एक नर्सबाईला. लोक त्यांना भाडेकाकू म्हणू लागले. मीटरकाका आधीपासूनच मीटरकाका होते. घरोघरी विजेचं मीटर वाचायची नोकरी त्यांनी गुडघे संपेपर्यंत केली होती.

भाडेकरू ठेवायची काकूंची पद्धत ठरलेली. माणूस खोली बघायला आला की त्या गोड बोलून त्याचा पत्ता काढून घेत आणि दुसऱ्या दिवशी न सांगता तो राहत असेल तिथं जाऊन धडकत. प्यायला पाणी मागत आणि मग हात धुवायचं निमित्त करून न्हाणीघर बघून येत. बाहेरच्या खोलीत सगळेच सभ्य असतात, असं त्यांचं म्हणणं. नळ गळत असेल आणि माणूस त्याखाली नुसती बादली ठेवून जगत असेल तर त्याला खोली मिळत नसे.

दुसरा नियम धुलाईखात्यातून आलेला. तिथं एकदा नव्या आलेल्या बाईनं घाईत सगळ्या चादरी एकाच दोरीवर टाकल्या, दोरी तुटली आणि दिवसाची धुलाई चिखलात गेली. तेव्हापासून काकूंचा कायदा होता, सगळ्या चादरी एका दोरीवर नाहीत. घराच्या बाबतीतही तोच. एकाच ठिकाणी काम करणारे दोन भाडेकरू ठेवायचे नाहीत. गावाच्या वेशीवर काच कारखाना होता, त्याचे कामगार हातात रोख पैसे घेऊन खोल्या मागायला येत, पण काकू त्यांना दारातूनच परत पाठवत. “कारखाना शिंकला की तुम्हाला सर्दी होणार, आणि रुमाल मी द्यायचा,” असं तोंडावर सांगत.

तिसरा नियम डब्याचा. प्रत्येक भाड्यातला एक वाटा डागडुजीच्या डब्यात. छप्पर, नळ, रंग, रिकामी पडलेली खोली, सगळं त्या डब्यातून निस्तरायचं.

आणि तोच डबा त्यांनी दोन वर्षांपूर्वी उपडा केला होता.

समोरचं बैठं घर विकायला निघालं होतं. म्हातारा मालक मुलाकडे चालला होता आणि त्याला घाई होती. डब्यातले पैसे सुरुवातीला भरले, उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज काढलं आणि तारण म्हणून स्वतःचं राहतं घर लिहून दिलं. मुलगी लांबच्या शहरात विमा कंपनीत कामाला. ती फोनवर म्हणाली होती, “आई, डबा रिकामा करून घर घेऊ नको.”

“रिकामा कुठं? डब्याचं घर झालं,” काकू म्हणाल्या होत्या.

समोरच्या घरात त्यांनी ट्रकवाल्याला ठेवलं. स्वतःचा ट्रक, कुणाचा नोकर नाही, बायको आणि दोन मुलं, न्हाणीघर लख्ख. त्याच्या भाड्यातून हप्ता जायचा, थोडं उरायचंसुद्धा. काकूंनी हिशेब मनात इतक्या वेळा केला होता की तो गाण्यासारखा झाला होता.

मग कारखान्याची भट्टी विझली.

काचेची भट्टी चुलीसारखी नसते. ती रात्रंदिवस पेटलेली ठेवावी लागते. एकदा थंड झाली की आतला रस तिथंच गोठतो, भट्टीच्या पोटात काचेचा धोंडा होतो आणि मग ती फोडण्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. म्हणून कारखान्यानं आधी ‘तात्पुरतं बंद’ म्हटलं तेव्हा लोक गप्प होते, पण धुराड्यातला धूर थांबला त्या दिवशी सगळ्यांना कळलं. तरी काकू निर्धास्त होत्या. आपल्याकडं कारखान्याचा एकही माणूस नाही. शेजारणींच्या खोल्या रिकाम्या होताना बघून त्यांना, देवाशप्पथ, थोडं बरंही वाटलं होतं.

ही गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची. पहिल्या महिन्यात भाडी उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आली. दुसऱ्या महिन्यात आलीच नाहीत म्हणायची. हप्ता पहिल्यांदा चुकला.

पन्हळ साफ झाली. काकू खाली उतरल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि जिना चढून शिंप्याच्या दारात उभ्या राहिल्या.

“या काकू,” शिंपी म्हणाला आणि उगाचच मशीनवरचं फडकं झटकलं. मशीनखाली कापडाची एक चिंधी नव्हती. “काल काकांनी जिन्याखालचं मीटर बघितलं ना माझं?”

“बघितलं. सवय जात नाही त्यांची. मीटर झोपलंय म्हणाले.”

“झोपणारच. मी शिवायचो काय, कामगारांचे जाड डगले. भट्टीपुढं कपडा जळतो, दर तीन महिन्यांनी नवा डगला. आता कोण जळतंय?” त्यानं काड्यापेटीखाली ठेवलेल्या नोटा पुढे केल्या. “अर्धंसुद्धा नाही. पडदे शिवून देऊ का? बदल्यात?”

“पडदे लावून लपवू काय?” काकू म्हणाल्या, पण नोटा घेतल्या.

नर्सबाई शेजारच्याच खोलीत, एकटी. वाटीत पाव बुडवून खात होती. काकू तिच्याबद्दल सगळ्यांत निश्चिंत होत्या. आजारी माणसं कधी संपत नाहीत.

“आजारी आहेत काकू, पण येत नाहीत,” ती म्हणाली. “आमचा दवाखाना कामगारांच्या पगारातून कापून घेतलेल्या पैशावर चालायचा. आता कापायला पगारच नाही. मला दिवसाआड बोलावतात. लोक खोकला घरीच ठेवतात, फुकट असतो तो.”

काकू रस्ता ओलांडून समोर गेल्या. ट्रक दारातच उभा होता, चाकांभोवती गवत आलेलं. ट्रकवाल्याची बायको पोराला कडेवर घेऊन बाहेर आली.

“हे घरात नाहीत, काकू.”

आतून कुणीतरी खोकलं.

“बरं,” काकू म्हणाल्या. “नसलेल्या माणसाला सांग, गरम पाणी पी म्हणावं.”

बाईनं मान खाली घातली. “ट्रकला माल कुठाय? काचेच्या पेट्याच नेत होते ते. दुसरं कुणी बोलवत नाही, म्हणतात तुझा ट्रक काचवाल्यांचा.”

काकू परत आल्या आणि पायरीवर काकांच्या शेजारी बसल्या. काकांची ती जागा. सकाळी चहा झाला की ते तिथं स्टूल टाकून बसत ते दिवेलागणीपर्यंत. येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत, बाजारभावांची चौकशी करत, कुणाच्या चालण्यावरून कुणाचं बिनसलंय ते ओळखत. चालता येत नव्हतं, पण गल्ली त्यांच्यापुढून चालत जात होती.

“काय म्हणतात तुझे तिघं?”

“तीन दोऱ्या बांधल्या मी,” काकू म्हणाल्या. “तीन वेगळ्या. शिंपी, नर्स, ट्रक. आणि दोऱ्या कशाला बांधल्यात ते बघितलंच नाही. तिन्ही एकाच खांबाला. खांबच गेला.”

काका म्हणाले, “तू तर कामगारांना हाकलून देत होतीस.”

“हो.”

“त्यांना निदान थोडी नुकसानभरपाई मिळाली. आपल्या लोकांना तीही नाही.”

“कळतंय मला. मीठ चोळू नका.”

बँकेतला साहेब काकूंच्या मुलीच्या वयाचा होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पाणी पिऊन होईपर्यंत थांबून मग बोलला, तेव्हाच काकूंनी ओळखलं की बातमी वाईट आहे.

“काकू, एक हप्ता चुकला, तोपर्यंत मी बघू शकतो. सलग तीन चुकले की कागद वरच्या कचेरीत जातात. तिथं कुणी काकू म्हणत नाही.”

“आणि मग?”

“तारण राहत्या घराचं आहे. तुम्हीच सही केलीय.”

“सही माझीच आहे. नाही म्हणतेय का?”

“समोरचं घर विकून टाका ना.”

“कुणाला? गावात घर विकणारे एका रांगेत उभे केले तर रांग तुमच्या दारापर्यंत येईल. घेणारा दाखवा, आत्ता विकते.”

साहेबानं पेन उघडलं, बंद केलं. काकूंना त्याचा राग आला नाही. येताना त्या चालत आल्या, कारण बसला पैसे पडतात, आणि वाटेत तीन ठिकाणी बसल्या.

संध्याकाळी मुलीचा फोन. “आई, दोघं इकडं या. घर जाऊ दे.”

“घर जाऊ दे कसं? ते काय पाव्हणा आहे?”

“मग काय करणार आहेस?”

“बघते.”

“बघते बघते म्हणत तू नेहमी...”

“तुझ्या बाबांशी बोल,” म्हणून काकूंनी फोन काकांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. करायला काही नव्हतं. आधीच घासलेलं एक पातेलं त्यांनी पुन्हा घासलं.

आठवड्यानं एक माणूस गल्लीत घरं बघत फिरताना दिसला. रुंद खांदे, कानावर मफलर, बुटांवर पांढरी भुकटी. शिंप्याकडून काकांना आणि काकांकडून काकूंना कळलं, की हा मुकादम आहे. कारखाना तोडायचा ठेका ज्यानं घेतलाय त्याचा. भट्टी फोडायला माणसं घेऊन आलाय. पोरांनी त्याला दोन दिवसांत घणवाला करून टाकलं होतं.

तो काकूंच्या पायरीपाशी थांबला. “मालकीणबाई, जागा मिळेल? मी आणि चार माणसं.”

“समोरचं घर भरलंय. वरच्या खोल्या भरल्यात.”

“हे?” त्यानं त्यांच्या मागच्या उघड्या दाराकडं बोट केलं. “खाली पाहिजे. माणसं दिवसभर घण मारून येतात, जिने चढवत नाहीत. स्वयंपाकघर मोठं पाहिजे, हत्यारांच्या पेट्या ठेवायला मागं अंगण पाहिजे. भाडं चांगलं देऊ.”

“यात आम्ही राहतो,” काका म्हणाले.

“दिसतंय,” मुकादम म्हणाला. “म्हणून तर चांगलं आहे.”

त्यानं भाड्याचा आकडा सांगितला. काकूंनी तो ऐकून चेहरा जागचा हलू दिला नाही. हप्ता भागून वर एका खोलीच्या भाड्याइतकं उरत होतं.

“उतरलात कुठं?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी काकू स्टँडजवळच्या लॉजवर हजर. पाणी मागितलं. हात धुवायला आत गेल्या. पाच पंचे पाच खिळ्यांवर, साबण कोरडा, फरशीवर पांढऱ्या भुकटीचा माग नाही. बाहेर बुटांचे जोड भिंतीला लावून. मुकादम दारात हाताची घडी घालून उभा होता.

“झाली तपासणी?”

“झाली.” काकू लाजल्या नाहीत. “आता एक सांगा. तुम्हाला पैसे कोण देतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे कारखान्याच्या मालकानं द्यायचे आणि त्यानं हात वर केले, असं होईल का? मला एकदा चटका बसलाय.”

मुकादम हसला. “मालक काय देतो, उलट आम्हीच त्याला पैसे मोजलेत. लोखंड, विटा, पत्रे, सगळं आमचं. विकायचं आणि खायचं.”

“आणि ते संपलं की?”

“की जायचं. वर्षभर पुरेल. थोडं पुढंमागं.”

काकू मनात म्हणाल्या, हा तर खांबच उपटून न्यायला आलाय, आणि मी याच्याकडून भाडं मागतेय. पण मोठ्यानं त्यांनी एवढंच सांगितलं, की प्रत्येक महिन्याचं भाडं आधी आणि अनामत वेगळी, आणि भिंतीला एकही खिळा विचारल्याशिवाय नाही. मुकादम अनामतीवर घासाघीस करायला लागला तेव्हा त्या उठून चालू लागल्या. जिन्यापर्यंत गेल्यावर त्यानं हाक मारली.

आता प्रश्न राहिला, दोघं म्हाताऱ्यांनी जायचं कुठं.

“ट्रकवाल्याला काढ,” काका म्हणाले. “त्याचंच सगळ्यांत जास्त थकलंय. समोरचं घर बैठं आहे. माझी पायरीही राहील, नुसती बाजू बदलेल.”

बोलणं सरळ होतं. काकू तेच ठरवून रस्ता ओलांडून गेल्या. या वेळी ट्रकवाला स्वतः बाहेर आला. त्याच्या कानावर आधीच गेलं होतं.

“भट्टी फोडणाऱ्याला घर देताय, काकू? माझ्या सासऱ्यानं जन्म काढला त्या भट्टीपुढं. डोळे गेले त्याचे.”

“भट्टी मेलीय रे. मढं उचलायला आलेल्याशी वैर धरून काय मिळणार?”

“तुम्हाला भाडं मिळणार ना.”

“मिळणार. तू देतोस का?”

मागं दारात बायको उभी होती. काकूंनी घराकडं नजर टाकली. खिडकीचं तावदान फुटलेलं, पण पुठ्ठा नीट कापून बसवलेला. एवढं करणारा माणूस ठेवण्यासारखा. घर सोडून गेला तर थकबाकीही त्याच्याबरोबर ट्रकमध्ये चढून जाईल, आणि ती पुन्हा कधी दिसायची नाही. शिवाय रिकामा ट्रक आणि डोंगराएवढं विटांचं भंगार एकाच गावात होतं. काकूंना त्या क्षणी दया आली असं कुणी म्हटलं असतं तर त्या चिडल्या असत्या. त्यांना हिशेब आला. पण त्या हिशेबाचा शेवट काकांच्या गुडघ्यांवर होणार होता, हेही त्यांना तिथंच उभ्या उभ्या दिसलं.

“मुकादमाला विटा वाहायला गाड्या लागणार आहेत,” त्या म्हणाल्या. “जाऊन बोल.”

“मी नाही उचलणार ती भट्टी.”

“मग पुढच्या एक तारखेला मी घर मागायला येईन. तेव्हा खोकत बसू नको आत.”

परत आल्या तेव्हा काका वाट बघत होते. काकू त्यांच्याकडं न बघता बोलल्या. “त्याला काढून फायदा नाही. गेला तर मागचं सगळं बुडालं. राहिला तर निदान येईल कधीतरी.”

“मग आपण?”

“गच्चीवरची खोली.”

गच्चीवर एक खोली होती. जुने टप, दोऱ्यांची भेंडोळी, मोडकं कपाट. खिडकी एक. वर जायला बाहेरून अरुंद जिना, दोन वळणांचा.

काकांनी जिन्याकडं बराच वेळ बघितलं. “चढेन मी,” ते म्हणाले. “पण एकदाच. पुढच्या खेपेला मला चौघं उतरवतील.”

“चौघं कशाला? तुमचं वजन दोघांपुरतं आहे.”

एरवी ते हसले असते. आज हसले नाहीत. गल्लीतून एक सायकलवाला गेला, त्यानं “काय काका” म्हटलं, काकांनी हात वर केला आणि तो जरा वेळ तसाच राहिला.

“घरच वाचवायचं ना,” शेवटी ते म्हणाले. “घर वाचेल आणि मी घरात नसेन. गच्चीवर असेन.”

“वर्षभर.”

“माझ्या वयाला वर्ष मोठं असतं.”

“माझं वय काय वेगळं आहे?” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरका निघाला. “दुसरं सुचत असेल तर सांगा. मी ऐकते. मला नाही सुचत.”

रात्री काकांनी भिंतीकडं तोंड करून विचारलं, “वर प्लग आहे का? चहाचं भांडं लावायला?” तेव्हा काकूंना कळलं की ते तयार झाले.

सामान मुकादमाच्या माणसांनीच वर नेलं. पलंग, कपाट, भांडी. सगळं झाल्यावर त्यांच्यातल्या एका दांडग्यानं काकांना खुर्चीत बसायला सांगितलं, दुसऱ्यानं मागून धरलं आणि काका खुर्चीसकट वळणं घेत वर गेले. शिंपी दारात उभा राहून बघत होता. नर्सबाईनं कठड्यापाशी उभं राहून “सावकाश, सावकाश” म्हणत अख्खा जिना डोक्यावर घेतला. पहिल्या वळणावर काका म्हणाले, “राजे लोक असेच जात असतील,” आणि दुसऱ्या वळणावर डोळे मिटले.

हप्ता भरला. चुकलेलाही हळूहळू भरला. बँकेतल्या साहेबानं या वेळी पाणी न देताच बोलायला सुरुवात केली, ते काकूंना बरं वाटलं. अनामत डब्यात गेली आणि डब्याला काकूंनी कुलूप लावून किल्ली नर्सबाईकडं ठेवायला दिली, आपला आपल्यावर भरवसा नाही म्हणून. ट्रकवाला आठ दिवस फुरंगटून बसला आणि मग एका सकाळी ट्रकचा आवाज आला. भाडं म्हणून त्यानं पहिल्यांदा जे दिलं ते थोडं होतं आणि त्या नोटांना पांढरी भुकटी लागलेली होती. शिंप्याला मुकादमाच्या माणसांचे फाटके डगले ठिगळं लावायला मिळाले. ठिगळाला दाम ते किती. त्यानं तोंड वाकडं केलं, पण घेतले.

यातलं काहीही वर्षापलीकडं टिकणारं नव्हतं. काकूंना ते माहीत होतं. कामावरून येणाऱ्या नवख्या माणसाला त्या जिन्यात गाठून विचारत, तिकडं पलीकडच्या गावात काय चालतं, कुणाचं काय निघतंय, तिथली माणसं राहतात कुठं. उत्तरं ऐकून मान हलवत. अजून एकही उत्तर पटण्यासारखं नव्हतं.

काका खिडकीशी बसत. तिथून गल्ली दिसत नसे, गच्चीचा कठडा आणि त्यापलीकडं छपरं दिसत. सुरुवातीला खालच्या आवाजांवरून ते कोण आलं कोण गेलं ओळखू बघत. मग ते कमी झालं. एकदोघं वर येऊन बसून गेले. जिना अरुंद आहे म्हणाले. पुन्हा आले नाहीत. काकू दिवसातून किती खेपा करत ते त्यांनी मोजलं नाही, पण दिवस मावळताना पोटऱ्यांत गोळे येत.

त्या दिवशीही त्या नुकत्याच वर येऊन टेकल्या होत्या. पाय चोळत होत्या. काकांनी कप पुढं केला.

“पी. मी केलाय.”

“साखर?”

“विसरलो.”

काकूंनी एक घोट घेतला. खालून मुकादमाचा आवाज आला, “मालकीणबाई! स्वयंपाकघरातला नळ गळतोय. बादली लावू का?”

“लावू नका,” काकू कठड्यावरून ओरडल्या. “येतेय.”

“उद्या जा की,” काका म्हणाले.

“उद्यापर्यंत बादलीची सवय लागते माणसाला.”

काकूंनी पाना घेतला, नळाचं एक रबरी वायसर पदराच्या टोकाला बांधलं, आणि भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरल्या. दार लोटलेलं होतं. त्यांनी कडी वाजवली आणि आतून “या” येईपर्यंत थांबल्या. स्वयंपाकघरात दुसऱ्याच तेलाचा वास होता, भांडी दुसऱ्या जागी होती, एक माणूस पाटावर बसून बटाटे सोलत होता. त्यानं पाय आखडून वाट दिली.

“कुठला नळ?” काकूंनी विचारलं.

त्यानं बोट दाखवलं. काकूंनी ओट्याखाली वाकून मुख्य चावी बंद केली, नळाच्या डोक्यावर पाना बसवला आणि जोर लावला.